धुतलेली वाळू

हेडली पाइक न्यूफाउंडलंड बेटावरच्या एका मच्छीमार गावातून कॅनडाच्या पार दुसऱ्या टोकाला, फोर्ट मॅकमरीच्या खाणींवर आला, तेव्हा दोन हिवाळे काम करायचं आणि परत जायचं असं ठरवून आला होता. समुद्रातला मासा संपला होता आणि गावातले निम्मे लोक इकडेच येत होते. पुढे त्याचं डेल्फीनशी लग्न झालं आणि परत जायचं राहून गेलं. आता डेल्फीन नव्हती. तिच्यामागे त्याचा हा दुसरा हिवाळा चालला होता. तू आता गावी जाणार का, असं त्याला कुणी विचारत नव्हतं. 

तो ज्या प्रयोगशाळेत होता तिथे एकच काम चाले. डांबर धरलेल्या वाळूतून डांबर वेगळं काढायचं आणि ते किती आहे ते सांगायचं. हिवाळ्यात दलदल गोठून कडक झाली की तिच्यावर यंत्रं जातात, जमिनीत भोकं पाडतात आणि आतून मनगटाएवढे जाड, गोल दांडे वर काढतात. हे दांडे गोठलेलेच लांबट पेट्यांतून येत. त्यातला तुकडा फोडून त्याचं वजन करायचं, तो जाड कागदाच्या नळकांड्यात भरायचा आणि ते नळकांडं काचेच्या फ्लास्कच्या तोंडात टांगायचं. खाली शेगडीवर टोल्युइन, म्हणजे डांबर विरघळवणारं द्रव, उकळत असतं. त्याची वाफ वर जाते, गार नळीला लागून तिचे थेंब होतात. ते थेंब वाळूवर पडतात आणि डांबर घेऊन खाली उतरतात. वाळूतलं पाणी बाजूच्या बारीक नळीत जमतं. पहिला थेंब काळा असतो. मग तो कॉफीसारखा, मग चहासारखा होतो आणि शेवटी पाण्यासारखा. थेंब पाण्यासारखा झाला की काम झालं. वाळवल्यावर नळकांड्यात उरते ती पांढरी वाळू, कुठल्याही समुद्रकाठी असते तशी. मग डांबर, पाणी आणि वाळू यांची वजनं करायची. तिन्हींची बेरीज पहिल्या वजनाएवढी आली पाहिजे.

हे काम त्याला डेल्फीननेच शिकवलं होतं. ती त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. हेडली खाणीत पंपांवर असे. गुडघे गेले तेव्हा तिने साहेबाशी बोलून त्याला आत आणलं. "घरी ती माझी बायको होती, इथे नव्हती," असं तो नव्या लोकांना सांगे, आणि ते खरंच होतं.

फेब्रुवारीत एका सोमवारी नव्या पेट्या आल्या. पेटीवर भोकाचा क्रमांक असतो. कुठल्या तालुक्यात, कुठल्या चौकटीत ते भोक पाडलं, ते त्या क्रमांकावरूनच कळतं. हेडलीने पहिली पेटी उचलली आणि तो तिथेच थांबला. हे आकडे त्याला पाठ होते. डेल्फीनचा भाऊ इझिडोर जिथे पिढीजात हक्काने सापळे लावत होता, त्या जमिनीचे ते आकडे होते.

त्या जमिनीवर एक ओढा होता. ओढ्याच्या दक्षिण काठावर इझिडोरची लाकडी केबिन होती. केबिनच्या खालच्या अंगाला, स्प्रूसच्या दोन वाकड्या झाडांमध्ये, डेल्फीनची राख होती.

ती जागा तिनेच सांगितली होती. तिचा आजोबा होडीच्या सांध्यांत भरायला तिथूनच डांबर काढायचा आणि स्प्रूसच्या डिंकाबरोबर उकळायचा. डेल्फीन लहानपणी त्याच्यामागे बादली घेऊन जायची. आजारी पडल्यावर तिने नवऱ्याला आणि भावाला एकत्र बसवून सांगितलं, मला तिथे ठेवा. क्रॉस नको, पाटी नको, कुणाला सांगायचं नाही. "नाही तर रविवारी लोक फुलं घेऊन येतील आणि माझे ससे पळवून लावतील," ती म्हणाली होती. मग बर्फ उतरल्यावर त्या दोघांनी शेवाळं बाजूला करून खड्डा केला. दोन हात खोलीवर वाळू काळी आणि चिकट लागली. हेडलीने त्यात डबा रिकामा केला. वर शेवाळं होतं तसं लावून दोघे परत आले. चर्चमध्ये विचारलं तेव्हा इझिडोरने, नदीत सोडली, असं सांगून टाकलं.

"कुया, या पेट्या आधी घे," मागून मॅरिसेल म्हणाली. ती प्रयोगशाळेची प्रमुख होती, वयाने हेडलीच्या निम्मी. फिलिपिन्समध्ये थोरल्या भावाला कुया म्हणतात, आणि ती वयाने मोठ्या सगळ्या पुरुषांना तेच म्हणे. "त्यांना घाई आहे. खाणीची दक्षिणेकडची कड कुठून न्यायची ते ठरवायचंय."

"कड कशावरून ठरवणार?"

"या भोकावरून. बाकीची झाली. डांबराची सरासरी सात टक्क्यांच्या वर आली तर ओढ्यापलीकडे जातील. नाही आली तर अलीकडे थांबतील. सातच्या खाली त्यांना खणायला परवडत नाही." तिने हातमोजे चढवले. "मला काय, पुढच्या शुक्रवारपर्यंत आकडे मिळाले की झालं."

हेडलीने पेट्या एकेक करून गोठवणीच्या खोलीत लावून ठेवल्या. आधीच्या कामाचे नमुने शेगड्यांवर होते, ते उतरेपर्यंत आठवडा जाणार होता.

रविवारी इझिडोर जेवायला आला. तो दर रविवारी येई. डेल्फीन होती तेव्हा तिच्यासाठी यायचा, ती गेल्यावरही त्याने येणं बंद केलं नाही. इझिडोर इथल्या मूळ रहिवासी क्री लोकांतला; त्यांच्यात मेव्हणा म्हणजे निस्ताव, आणि निस्ताव म्हटला की त्याची चेष्टा केलीच पाहिजे. सरळ बोलायचं ते बापाशी, भावाशी. निस्तावशी कुणी सरळ बोलायला लागलं, तर यांचं काहीतरी बिनसलंय, असं घरातली माणसं समजतात.

इझिडोरने बूट काढले, सरळ चुलीपाशी गेला आणि भांड्यावरचं झाकण उचललं. आत खारवलेलं मांस, कोबी आणि सलगम एकत्र उकळत होते.

"निस्ताव, खरं सांग. तुमच्या बेटावर तवा पोचलाय का अजून? का भाजणं म्हणजे काय ते कुणी सांगितलंच नाही तुम्हाला?"

"तू मागच्या वेळी मूस हरणाचं मांस आणलंस, ते मी अजून चावतोय."

"त्याला दात लागतात."

"डेल्फीनला आवडायचं हे."

"डेल्फीनला?" इझिडोर खुर्चीत टेकला. "ती खिशात आमच्या बॅनक भाकरीचे तुकडे घेऊन बसायची रे. तू पाठ फिरवलीस की तोंडात टाकायची. इतकी वर्षं संसार केलास आणि एवढं कळलं नाही?"

"कळलं होतं. टेबलाखाली चुरा मीच झाडायचो."

दोघे हसले. हेडलीने वाढलं. खाताना इझिडोर यंत्रवाल्यांबद्दल सांगू लागला. केबिनच्या काठावरच भोक पाडून गेले. केबिनपासून हाक मारली तर ऐकू येईल इतकं जवळ. पोरं चांगली होती, त्याला कॉफी दिली. "मी म्हटलं, खोल पाडा रे बाबांनो. माझा निस्ताव आहे तिकडे, त्याला काम पाहिजे. रिकामा बसला की कोबी उकळतो."

"पेट्या आल्या," हेडली म्हणाला. हे त्याने बोलायला नको होतं. कुठल्या पेट्या आल्या ते बाहेर सांगायचं नाही, असा नियम होता.

 इझिडोरने ताटातला रस पावाने पुसला.

"तू आता म्हातारा झालास, निस्ताव. नजर गेलीय तुझी. काळा थेंब तुला पांढरा दिसला, तर कोण काय बोलणार?"

हेडली हसला. "मॅरिसेल बोलेल."

"तिला सांग, बेटावरचा माणूस आहे, त्याला रंग एकच कळतो, कॉड माशाचा."

पुन्हा दोघे हसले. त्यानंतर इझिडोरने तो विषय काढला नाही. जाताना दारात बूट चढवत म्हणाला, "पुढच्या रविवारी मांस मी आणतो. तू फक्त भांडं घास. आणि कोबीला सुट्टी दे."

तो गेल्यावर हेडली भांडी घासत राहिला. इझिडोरने त्याच्याकडे आजवर काही सरळ मागितलं नव्हतं. केबिनचं छप्पर बसलं होतं तेव्हा तो म्हणाला होता, निस्ताव, तुझ्यासारखा लांबलचक वासा मिळत नाहीये कुठे. हेडली दुसऱ्या दिवशी हत्यारं घेऊन गेला होता. बर्फगाडी बंद पडली तेव्हा म्हणाला होता, तुझी गाडी इथे नुसती उंदरांना घर झालीय. हेडलीने किल्ली दिली होती. त्यामुळे ही चेष्टा होती की मागणं, असा प्रश्न खरं म्हणजे नव्हता. पण चेष्टेत मागितलेलं विसरूनही जाता येतं, त्यात कुणाचा अपमान होत नाही. म्हणूनच ते लोक तसं मागतात.

कंपनीला सांगावं, तिथे राख आहे, जागा सोडा, असंही त्याच्या मनात आलं. त्यांनी सोडलीही असती. माणसं येतील, मोजतील, खुंट्या ठोकतील, भोवती कुंपण घालून पाटी लावतील आणि मग चारी बाजूंनी खणतील. ती नको म्हणाली होती ते नेमकं हेच.

मंगळवारी त्याने ते नमुने लावले. वरच्या थरांत डांबर कमी होतं, खालच्यांत जवळजवळ नव्हतंच. ते तुकडा फोडतानाच दिसलं. मधले काय सांगतात त्यावर सगळं होतं. मधले तुकडे जड होते आणि हातोडीखाली फुटण्याऐवजी दबत होते. चांगली वाळू अशीच असते. त्याने नळकांडी टांगली, गार नळ्यांत पाणी सोडलं, शेगड्या लावल्या.

दुपारपर्यंत वरचे आणि खालचे धुऊन झाले. मधल्यांचे थेंब चहासारखे झाले होते, आणि तिथून ते लवकर पुढे सरकत नव्हते. हेडली शेगड्यांच्या काचेच्या कपाटासमोर उभा राहिला. हिशोब त्याला कागदाशिवाय येत होता. वाळूवर राहिलेलं डांबर वाळूच्या वजनात जातं. डांबर कमी भरतं, वाळू जास्त भरते, बेरीज बिनचूक येते. काट्याला ही चूक कधीच सापडत नाही. पाणी सांडलं तर सापडते, वाळू गळली तर सापडते, पण अर्धवट धुतलेलं सापडत नाही. आत्ता थांबलं तर सरासरी सातच्या थोडी खाली येणार होती. फार खाली नाही. कुणाला शंका येणार नाही इतकीच.

त्याने मधल्या शेगड्या बंद केल्या.

मग तो जेवायच्या खोलीत गेला, डबा उघडला, थोडं खाल्लं.  काम नेहमीसारखंच चालू होतं. नळकांडी गार झाल्यावर त्याने ती काढून भट्टीत वाळवायला ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजनं केली. वाळू पांढरी नव्हती. फिकट तपकिरी होती. पण या भागातल्या चिकणमातीचाही रंग कधी कधी तसा असतो. बेरीज बरोबर आली.

मॅरिसेल सगळ्यांची नळकांडी पाहायची तशी त्याचीही पाहायला आली. तिने चमच्याने एकातली चिमूटभर वाळू पांढऱ्या गाळणकागदावर काढली, वर टोल्युइनचे दोन थेंब सोडले आणि थांबली. हे कुठल्या नियमावलीत नव्हतं. ही डेल्फीनची सवय होती. तिच्यापासून मॅरिसेलने घेतली होती. दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत कुणी असं केलं नसतं.

कागदावर थेंब पसरला आणि त्याच्या कडेला पिवळं कडं उमटलं.

"कुया," ती म्हणाली, "हे धुऊन झालंय का?"

तिच्या आवाजात संशय नव्हता. ती खरोखर विचारत होती. हेडलीने चिकणमाती असं सांगितलं असतं, तर ती मान हलवून पुढच्या टेबलाकडे गेली असती. तो शब्द त्याच्या तोंडात तयार होता. त्याने कागदाकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "झालेलं नाही."

"मग उतरवलं कसं?"

"मी बंद केलं."

मॅरिसेलने त्याच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारावं असं तिच्या मनात आलं असावं. तिने कागद चुरगळून डब्यात टाकला. "पुन्हा लाव," ती म्हणाली. "उतरेल ते आधीच्यात मिळव. घरी जाताना मला दाखव."

त्याने पुन्हा लावलं. संध्याकाळपर्यंत थेंब पाण्यासारखे झाले. शुक्रवारी आकडे गेले. सरासरी सातच्या बरीच वर होती.

रविवारी इझिडोर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं मूसचं मांस घेऊन आला. हेडलीने त्याला कोटही काढू दिला नाही.

"सातच्या वर आलं," तो म्हणाला.

"किती?"

"ते सांगता येत नाही. वर आहे."

"म्हणजे नजर शाबूत आहे म्हणायची तुझी," इझिडोर म्हणाला. तो अजून हसत होता.

हेडलीला तिथे थांबता आलं असतं. "मी बंद केलं होतं," तो म्हणाला. "मधेच. वजनंसुद्धा झाली होती. मग मॅरिसेलनं विचारलं, धुऊन झालं का. मी नाही म्हणालो. मग पुन्हा लावलं."

"तिनं पकडलं तुला?"

"नाही. विचारलं नुसतं. मी चिकणमाती आहे म्हटलं असतं तर गेली असती निघून."

"मग का नाही म्हटलंस?"

हेडलीने विचार केला. बुधवारपासून तो हाच विचार करत होता आणि त्याला चांगलं कारण सापडलं नव्हतं. "ते धुतलेलं नव्हतं," तो म्हणाला.

इझिडोरने मांस टेबलावर ठेवलं. त्याचा चेहरा आता साधा झाला होता, दुकानात किंवा बँकेत असतो तसा.

"हेडली," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने त्याला नावाने हाक मारली नव्हती. "मी तुझ्याकडे हे एक मागितलं होतं, हेडली."

"चेष्टेत मागितलंस."

"मग कशात मागू? तू कोण लागतोस माझा?"

"तिला आवडलं नसतं ते. तिचंच काम होतं."

"तिला काय आवडलं नसतं ते तू मला सांगू नकोस. खणून काढलेलं आवडणार आहे का तिला?" तो दाराकडे वळला. बूट त्याने काढलेच नव्हते. "मांस फ्रीजमध्ये ठेव. बाहेर राहिलं तर खराब होईल."

पुढच्या रविवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. हेडली फोन करायचा तर इझिडोर उचलायचा आणि नीट बोलायचा. तब्येत कशी आहे, रस्ता कसा आहे, थंडी किती आहे. सगळं सरळ. हेडलीला ते शिव्यांपेक्षा वाईट वाटे. रविवारी तो एकट्यापुरतं काहीतरी करून खाई आणि टेबलाखाली झाडून घेई, जरी तिथे काही पडलेलं नसे.

मार्चच्या मध्याला थंडी थोडी मोडली. एका शनिवारी पहाटे त्याने बर्फगाडी गाडीमागे जोडली, रस्ता संपेपर्यंत नेली आणि तिथून गोठलेल्या दलदलीवरून केबिनकडे निघाला. तिथे जाऊन काय करायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. ओढ्याजवळ पोचला तेव्हा त्याला धूर दिसला. केबिनच्या धुराड्यातून येत नव्हता. खालून, काठावरून येत होता.

इझिडोर दोन वाकड्या स्प्रूसच्या मध्ये आग लावून बसला होता. हिवाळ्यात माणूस मेला की पुरायला खड्डा करण्यासाठी ते लोक असंच करतात. जमीन दगडासारखी असते, कुदळ लागत नाही. म्हणून ओंडके पेटवायचे, निखारे बाजूला सारायचे, सुटलेली माती काढायची आणि पुन्हा पेटवायचं. त्याने शेवाळं आधीच कापून एका बाजूला ठेवलं होतं. जमिनीतून डांबराचा वास सुटला होता.

हेडलीने गाडी बंद केली. इझिडोरने वर पाहिलं आणि पुन्हा आगीकडे पाहिलं. हेडली केबिनमागे गेला, कुऱ्हाड घेतली आणि लाकूड फोडायला लागला.

दुपारपर्यंत ते असेच काम करत राहिले. एक लाकूड आणी, दुसरा निखारे ओढी. मधेच इझिडोरने किटलीतला चहा दोन कपांत ओतला आणि एक बर्फावर हेडलीच्या बाजूला ठेवला.

"खाण इथे यायला दहा-बारा वर्षं जातील," हेडली म्हणाला.

"हो. तेव्हा तू आणि मी असू का? असलो तर कुदळ उचलेल का?"

"नाही."

"म्हणून आत्ता." इझिडोरने एक घोट घेतला. "उद्या उत्तरेला निघतो. बर्फाचा रस्ता अजून आठवडा टिकेल. तिकडच्या मोठ्या सरोवरापलीकडे आईचं गाव होतं, तिथे खडक आहे सगळा. वाळू नाही, डांबर नाही. तिथे भोक पाडायला कुणी येणार नाही. आलं तर त्यांची यंत्रं मोडतील."

"तिनं इथे सांगितलं होतं."

"सांगितलं होतं. ही जागाच इथे राहणार नाही ना आता."

 दोन हातांवर पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. आगीने डांबर सैल झालं होतं आणि फावड्याला चिकटत होतं. दोघांनी फावडी टाकली आणि गुडघ्यांवर बसून हातांनी काढायला सुरुवात केली. काळ्या वाळूत राखेचे करडे ठिपके दिसायला लागले. आधी थोडे, मग बरेच. दोन उन्हाळ्यांत डांबराने सगळं धरून टाकलं होतं. ठिपके वेगळे काढायला गेलं तर बोटाला वाळू लागत होती, आणि वाळू सोडायला गेलं तर ठिपके जात होते. शेवटी जेवढा भाग करडा दिसत होता तेवढा त्यांनी सबंध उचलला. मोठ्या पावाएवढा गोळा झाला. हेडलीने खड्डा पुन्हा पुन्हा चाचपला. काही उरलं असेल असं त्याला वाटत होतं, आणि असणारच होतं.

इझिडोर गोळ्याकडे बघत होता.

"तुझ्या त्या काचेच्या भांड्यात टांगलं, तर निघेल ना ती वेगळी?"

तो चेष्टा करत होता की नाही ते हेडलीला त्याच्या आवाजावरून कळलं नाही. त्याने जे खरं होतं ते सांगितलं. "डांबर निघेल. वाळू आणि ती एकत्रच राहतील. त्यापुढे काही करता येत नाही."

"म्हणजे आजोबाचं डांबर तेवढं वाया जाणार."

"हो."

"मग कशाला धुवायचं," इझिडोर म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "शिवाय तू मधेच शेगडी बंद करशील."

 हेडलीने गोळा ताडपत्रीच्या तुकड्यावर ठेवला. खड्ड्यात माती लोटून त्यांनी शेवाळं जागच्या जागी लावलं. ते काळवंडलं होतं, पण उन्हाळ्यात धरलं असतं.

केबिनमध्ये इझिडोरने चूल पेटवली आणि ताडपत्री चुलीजवळ ठेवली. हेडलीने ती उचलून दारापाशी थंडीत नेऊन ठेवली. उबेला डांबर मऊ झालं असतं आणि सगळं पसरलं असतं. इझिडोरने मान हलवली. त्याच्या ते लक्षात आलं नव्हतं. मग त्याने फळीवरून केरोसिनची बाटली काढली, दोन फडकी फाडली, एक हेडलीकडे फेकलं. असल्या हातांनी बॅनक मळता येत नाही आणि खाताही येत नाही. दोघे चुलीपासून लांब बसून हात पुसू लागले. बोटांच्या बेचक्यांतलं, नखांतलं डांबर सुटून फडक्यांवर आलं. त्यात करडंही होतं. इझिडोरने पुसून झाल्यावर आपलं फडकं सवयीने चुलीकडे धरलं.

"थांब," हेडली म्हणाला.

इझिडोरने हातातल्या फडक्याकडे पाहिलं आणि ते त्याच्याकडे दिलं. हेडलीने दोन्ही फडकी घडी घालून ताडपत्रीत गोळ्याला लागून ठेवली, टोकं दुमडली आणि दोरी बांधली. गाठ सुटत नाही ना ते त्याने ओढून पाहिलं, आणि मग पीठ कुठे आहे ते विचारलं.